एक फोन, दोन पोरं आणि ॲपवरचा होमवर्क

या आठवड्याचं पत्र पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. नाव देऊ नका म्हणाल्यात. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत, दोघं व्हॅनने तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातात. यंदा जूनपासून शाळेने होमवर्क एका ॲपवर टाकायला सुरुवात केली, रोज रात्री ९ च्या आत सबमिट करायचा. घरात स्मार्टफोन एकच आणि तो मिस्टरांकडे, ते शेतातलं आणि मार्केटचं उरकून ८ ला घरी येतात. मग एका तासात दोघांचा होमवर्क, त्यात कधी रेंज नाही, कधी लाईट नाही. मुलगा मित्राकडून उत्तरं मागवून टिक करतो आणि नंतर रील्स बघत बसतो, मुलीचा नंबर लागेपर्यंत ९ वाजून जातात. दर शनिवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी येते, ज्यांचं राहिलं त्यांची नावं लाल रंगात. मुलीचं नाव लागोपाठ तीन शनिवार लाल आलं आणि सोमवारी ती पोट दुखतं म्हणून शाळेत गेलीच नाही. सासूबाई अहिराणीत म्हणतात, 'मोबाईलनी पोरस्ले येडं करी टाकं.' मिस्टर म्हणतात, हप्त्यावर १२ हजाराचा टॅब घेऊन टाकू. ताई विचारतात, टॅब घ्यावा की शाळेशी बोलावं? आणि शेवटी एक ओळ लिहिलीय, 'मी दहावीपर्यंत शिकलेली, ते ॲप इंग्रजीत आहे, मला कळत नाही, माझ्यामुळेच पोरगी मागे पडतेय का?'

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण पत्र वाचून झाल्यावर मला तीच ओळ दिवसभर आठवत राहिली. नाही, तुमच्यामुळे नाही. तुमची पोरगी मागे पडलेलीच नाहीये, तिच्या हातात फोन उशिरा पडतोय एवढंच झालंय, आणि त्या यादीला या दोन गोष्टींतला फरक कळत नाही. तिला भागाकार येतो का, धडा समजला का, हे ती यादी सांगतच नाही, ती फक्त ९ च्या आत बटण दाबलं गेलं की नाही ते सांगते. चौथीतल्या पोरीने जो अभ्यास बापाच्या फोनशिवाय आणि आईच्या इंग्रजीशिवाय करूच शकत नाही, तो अभ्यास शाळेने पोरीला दिलेला नाही, तुम्हा दोघा नवराबायकोला दिलाय. आणि नाव मात्र तिचं लाल होतंय.

आता टॅबचं. घेऊ नका, निदान आत्ता तरी नाहीच. कारण सांगते, थोडं लांबेल, पण ऐका.

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलंय, शेवटची काही वर्षं तर सगळं डिजिटल होत असतानाची, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. मी मोबाईलच्या विरोधात नाहीये हे आधी सांगून ठेवते. चंद्राच्या कला शिकवायला मी कित्येक वर्षं बल्ब आणि मोसंबी घेऊन वर्गात अंधार करून उभी राहायचे, तरी निम्म्या पोरांना वाटायचं की चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून तो बारीक होतो. मग वर्गात प्रोजेक्टर आला, मी एक दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ लावला, मध्येच थांबवला, विचारलं की आता सूर्य कुठंय सांगा, परत चालवला, परत थांबवला, आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, तो उभा राहून म्हणाला की मॅडम सावलीचा काही संबंधच नाहीये, अर्धा चंद्र तर कायम उजेडातच असतो, आपल्याला फक्त बाजूने दिसतो. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की मी घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले होते.

तुमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात २०१६-१७ च्या आसपास गावोगाव लोकवर्गणी करून झेडपीच्या शाळांमध्ये प्रोजेक्टर आणि टचस्क्रीन बसवले गेले, लोकांनी मजुरीतून पैसे काढून दिले, ते उगाच नाही दिले. पण नीट बघा, तिथे स्क्रीन एक आणि समोर वर्गभर पोरं, बाजूला बाई उभ्या. कोणाचा चेहरा गोंधळला ते बाईंना दिसतं, व्हिडिओ थांबवता येतो, पुढे-मागे करता येतो. तोच व्हिडिओ पोराने रात्री साडेआठला गोधडीत एकट्याने बघितला तर थांबवणार कोण आणि विचारणार कोण? पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो चंद्राचा नसतो. लोक 'डिजिटल शिक्षण चांगलं की वाईट' असं एकदमच विचारतात तेव्हा मला हेच सांगायचं असतं की बाबांनो, वर्गातला स्क्रीन आणि गोधडीतला स्क्रीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तुमच्या मुलासारखा एक पोरगा सांगते. आमच्याकडे पण एक असंच ॲप घेतलं होतं शाळेने, त्यात गणिताला चार पर्याय यायचे, बरोबर दाबलं की हिरवं आणि वर चांदणी. सातवीतल्या एका मुलाला रोज १० पैकी १०. मला कौतुक वाटलं म्हणून एकदा मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन बसले. तो प्रश्न वाचतच नव्हता. अ दाबायचा, लाल आलं की ब, मग क, मग ड, हिरवं झालं की पुढे. चुकल्यावर परत दाबता येत होतं आणि शेवटी मार्क पूर्णच दाखवत होतं. मी वहीचं पान काढलं आणि म्हटलं, तीन चतुर्थांश अधिक एक अष्टमांश कर बघू. त्याने पटकन वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि लिहिलं ४/१२. उत्तर ७/८ यायला पाहिजे. पण ते चुकलेलं ४/१२ बघून मला एका सेकंदात कळलं की याचं अडलंय कुठे, याला छेद सारखे का करायचे तेच कळलेलं नाही. मग दोन भाकऱ्या काढल्या आम्ही कागदावर, एकीचे चार तुकडे, एकीचे आठ, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला पंधरा मिनिटं लागली फक्त. ॲपला त्याची चूक कधीच दिसली नव्हती, कारण ॲप उत्तर बघतं, वही कशी चुकली ते दाखवते. तुमचा मुलगा मित्राकडून उत्तरं मागवतोय ना, त्याला आळशी म्हणून रागावू नका हो, ते ॲप त्याला रोज हेच शिकवतंय की हिरवं झालं म्हणजे झालं. त्याच्याकडून रोज एक गणित, एकच, वहीत पायऱ्यांसकट करून घ्या. तुम्हाला ते गणित येत नसलं तरी चालेल, तुम्ही फक्त विचारायचं की ही पायरी कशी आली रे बेटा, समजावून सांग मला. जिथे तो अडखळेल किंवा चिडेल तिथे त्याला येत नाहीये, तिथे पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला लावा. दहावी शिकलेल्या आईला हे उत्तम जमतं, चौथी शिकलेल्या आयांना करताना बघितलंय मी.

फायदे पण खरे आहेत, ते लपवून चालणार नाही. आमच्या वर्गातून दिवाळीनंतर तीन-चार पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला निघून जायची आणि होळीच्या पुढे परत यायची, तोपर्यंत सगळं पुढे गेलेलं. हातात फोन आल्यावर निदान त्यांना धड्याचा ऑडिओ पाठवता यायला लागला, एक पोरगी तर तिकडून कविता म्हणून रेकॉर्ड करून पाठवायची, मागे बैलगाडीचे आवाज. वाचायला अडखळणाऱ्या पोराला धडा ऐकता येतो. इंग्रजी शब्दाचा उच्चार दहादा ऐकता येतो आणि कोणी हसत नाही. ५०-५५ पोरांच्या वह्या तपासणाऱ्या मॅडमचे दोन तास वाचतात, ते काही कमी नाही, शिक्षकांवरचा कागदी कामाचा बोजा मी भोगलाय. म्हणून तुमच्या शाळेतल्या मॅडमना खलनायक समजू नका, बहुतेक त्यांच्यावरपण वरून आलंय, 'इतके टक्के सबमिशन दाखवा' असं.

आता शाळेत काय बोलायचं ते. जाताना एकट्या जाऊ नका, ग्रुपवर लाल नावं येणाऱ्या अजून दोन-तीन आया नक्की असतील, त्यांना फोन करा, आधी घरी चहाला बोलवा, मग सोबत जा. शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, त्याच्यातर्फे गेलात तर अजून चांगलं. भांडायला नाही जायचं, मागायला जायचं. दोनच गोष्टी मागा.

पहिली, ती लाल यादी बंद करा. मुलांची नावं सगळ्या पालकांसमोर टाकायची काही गरज नाही, ज्याचं राहिलं त्याच्या घरी एक मेसेज पुरे आहे. नऊ वर्षांची पोरगी पोटदुखीचं कारण काढून घरी राहते म्हणजे तिला लाज वाटतेय, आणि लाज बसली की शाळा सुटायला वेळ लागत नाही, विशेषतः मुलींची, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

दुसरी, होमवर्क ॲपवर टाकतात तसा शाळा सुटताना फळ्यावर पण लिहा आणि वहीत केलेला चालेल असं सांगा. इथे तुमच्या हातात एक भक्कम मुद्दा आहे. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण आहे, त्यात दप्तराच्या वजनाबरोबर होमवर्कचं पण लिहिलंय. दुसरीपर्यंत होमवर्क नकोच, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त १ तास. म्हणजे तुमच्या चौथीतल्या मुलीला आख्ख्या आठवड्याचा मिळून २ तास, रोज रात्री ९ ची घाई यात बसतच नाही. आणि ऑनलाईन शिकवण्याबद्दल केंद्राने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' म्हणून सूचना काढल्या होत्या, ऐन लॉकडाऊनमध्ये, जेव्हा शाळाच बंद होत्या, तेव्हासुद्धा पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास घ्या असं म्हटलं होतं. शाळा भरत नव्हती तेव्हा जर एवढीच मर्यादा होती तर आता दिवसभर शाळा करून आलेल्या पोरांना रात्री पुन्हा स्क्रीनसमोर का बसवायचं? हे शांतपणे विचारा. माझा अनुभव असा आहे की नव्वद टक्के हेडमास्तर आकडा ऐकला की ऐकून घेतात.

कोणी म्हणालं की काळाबरोबर चालायला पाहिजे, परदेशात सगळं टॅबवर आहे, तर सांगा की स्वीडनसारखा देश, जिथे शाळा फार आधी डिजिटल झाल्या, तिथल्या सरकारने २०२३ पासून छापील पुस्तकं परत आणायला वेगळा निधी द्यायला सुरुवात केली. आणि कागदावरचं वाचन विरुद्ध स्क्रीनवरचं वाचन यावरचे ५४ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये तपासले गेले होते, सगळे मिळून १ लाख ७० हजारांच्या वर वाचक, त्यात निघालं की माहितीचा मजकूर कागदावर जास्त समजतो आणि वेळेची घाई असेल तर हा फरक अजून वाढतो. तुमच्या घरात तर रोज रात्री घाईच आहे.

घरातलं आता. फोन एकच आहे ना, तो एकच पुरेल, नीट वापरला तर. शाळेने होमवर्क फळ्यावर द्यायला सुरुवात केली की मिस्टर ८ ला येईपर्यंत दोघांनी वहीत लिहून ठेवायचं, फोन घरात आला की फक्त फोटो काढून पाठवायचा, पाच मिनिटांचं काम. आधी पोरीचं, मग पोराचं, हा नंबर बदलायचा नाही. अँड्रॉइड फोनमध्ये ॲप पिन करायची सोय असते, सेटिंगमध्ये वर शोधायच्या जागी पिन लिहा, सापडेल, ते चालू करा, बाहेर पडताना पासवर्ड विचारायचा पर्याय पण चालू करा, मग ॲप पिन केलं की फोन त्या एकाच ॲपवर अडकून राहतो, पासवर्ड टाकल्याशिवाय रील्सकडे जाता येत नाही. हा फोन उघडायचाच पासवर्ड असतो, तो पोराला कळू देऊ नका आणि मिस्टरांनाही बजावून ठेवा, ते दमून आलेले असतात आणि पोराने दोनदा विचारलं की देऊन टाकतील. हे मी अगदी मनापासून सांगतेय, कारण गावागावांतल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा २०२४ चा असर अहवाल आहे ना, त्यात १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांना विचारलं होतं, ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी काही केलं होतं आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया बघितला होता. तुमचा मुलगा दोन वर्षांत त्या वयात येईल. टॅब घेतला की तो टॅब त्याचाच होणार, मुलीच्या वाट्याला परत उरलेला वेळच येणार, मग १२ हजार कोणासाठी खर्च केले?

व्हिडिओ बघायचाच असेल तर पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. पोरांची पुस्तकं बालभारतीची असतील तर त्यात असतो, तो केंद्राच्या दीक्षा प्लॅटफॉर्मवर नेतो, २०१७ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि दीक्षा ॲपमध्ये व्हिडिओ डाऊनलोड करून ठेवता येतात, म्हणजे रेंज असताना घेऊन ठेवा आणि नेट बंद करून बघा. आणि बघायचा तो ओसरीत, सगळ्यांमध्ये बसून, सासूबाईंना पण सोबत घेऊन. त्या मोबाईलवर चिडतात कारण त्यांना त्यातून बाजूला टाकलंय. व्हिडिओ संपला की त्यांनी नातीला विचारायचं, 'आज काय शिकनी व बेटा?' आणि पोरीने अहिराणीत सांगायचं. इंग्रजीत वाचलेलं घरच्या बोलीत सांगता आलं तर ते खरंच कळलंय, यापेक्षा चांगली परीक्षा मला ३१ वर्षांत सापडली नाही.

अजून एक, हप्त्यावर टॅब म्हटलंत म्हणून सांगते. काही कंपन्यांची माणसं घरी येऊन टॅब आणि कोर्स मिळून विकतात, सही घेतात, नंतर कळतं की ते कर्ज होतं आणि दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे जातायत. आमच्या नात्यातलं एक घर यात दीड वर्ष अडकलं होतं, कपाशीचे पैसे आले की पहिला हप्ता तोच. २३ डिसेंबर २०२१ ला केंद्राच्या शिक्षण खात्याने यावर लोकांना सावध करणारी सूचना काढली होती, ऑटो-डेबिटला परवानगी देऊ नका, फुकट म्हणून दिलेल्या गोष्टींच्या अटी वाचा असं. शाळेच्या ॲपमध्ये पण पोरांचा फोटो, जन्मतारीख, आधार मागत असेल तर विचारा कशाला पाहिजे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईबापाची परवानगी लागते असं लिहिलंय.

१२ हजार बाजूला काढता येत असतील तर त्यातल्या हजारात दोघांना गोष्टीची पुस्तकं आणा आणि लाईट गेली की लावायला एक चांगला चार्जिंगचा दिवा आणा. बाकीचे बियाण्याला ठेवा. संध्याकाळी ऊन उतरलं की दोघांना अंगणात खेळायला सोडा, बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना चष्मा उशिरा लागतो, डोळ्यांचे डॉक्टर आता हे सगळीकडे सांगतायत.

मला सारखी साने गुरुजींची आठवण येतेय हे लिहिताना, तुमच्यापासून लांब नाही, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते ते, १९२४ ते १९३०. वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे, रोज, हाताने लिहून. पोरं सकाळी उठून ते वाचायला धावायची. कारण त्यांना माहीत होतं की हे आपल्यासाठी कोणीतरी रात्री जागून लिहिलंय. तुमच्या मुलीला तीन शनिवारांत शाळेकडून फक्त एक लाल ओळ मिळालीय. तिला आधी कोणीतरी तिच्या वहीत दोन शब्द लिहायला पाहिजेत. मॅडमना तेवढं जरूर सांगा, आणि त्या लिहितील तोपर्यंत तुम्ही लिहा, मराठीतच लिहा, तारीख घालून.

सोमवारी तिला व्हॅनने पाठवू नका, मिस्टरांना म्हणा एक दिवस गाडीवर तुम्ही सोडा आणि वर्गापर्यंत जा. शाळेचं काय झालं ते मला कळवा. आणि तिला सांगा, मला पत्र लिही म्हणावं, पेनाने, पोट का दुखत होतं ते पण लिही. मी तिला हातानेच उत्तर लिहीन आणि पोस्टाने पाठवीन.